गंज आणि गंजी

काकूनं कुकर चढवला, लायटर दोन-तीनदा टकटकवला आणि वाकून ओट्याखाली पाहिलं. सिलिंडर जागेवर नव्हता. तो कुठं गेला असेल हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. पदर खोचून ती तडक मागच्या दारी आली. गोठ्याच्या पडवीत तिचा लाल सिलिंडर एका काळ्या, छातीइतक्या उंच सिलिंडरशेजारी नव्या सुनेसारखा अंग चोरून उभा होता आणि तात्या त्याच्यावर वाकून रेग्युलेटर आवळत होते.

"भात काय तुमच्या ट्रॉलीवर शिजवू का?"

"अर्धा तास थांब गं. एवढी एक प्लेट कापतो, लगेच लावून देतो."

"मागल्या टायमाला बी अर्धाच तास म्हनला व्हता."

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, अवसरी खुर्दची. तात्या म्हणजे माझे चुलते. मी पुण्याहून सहज म्हणून गेलो होतो आणि त्या अर्ध्या तासाला साक्षीदार झालो. पुढं त्या दिवशी जे झालं त्यामुळंच हा लेख लिहायला बसलोय. पण ते ओघात येईल.

पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलं, पेठ मागं पडलं, अवसरीचा घाट ओलांडला की मंचर येतं. त्याच अंगाला आमचं गाव. शासनाचं अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय इथं २००९ पासून आहे, शासकीय तंत्रनिकेतनही आहे. बाकी गाव बागायती: कांदा, बटाटा आणि ऊस. ऊस जातो पारगावजवळ दत्तात्रयनगरला, भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यावर. गव्हाणीत मोळी पडायच्या आधी महिनाभर वस्त्यावस्त्यांवर ट्रॉल्या बाहेर निघतात. वर्षभर कोंबड्यांचं बसायचं ठिकाण झालेल्या त्या ट्रॉलीचा हूक हलतोय, चेसीचं चॅनल तडकलंय, फाळक्याची कडी तुटलीय, हे सगळं एकदमच ध्यानात येतं. मंचरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलं की तो म्हणतो, दसऱ्यानंतर या. तोडणीवाले दसऱ्यानंतर दारात उभे असतात. मग शेतकरी म्हणतो, राहू दे, मीच कापतो.

आता कापायचंच तर गॅसनं का? ग्राइंडर घरोघरी आहे, पण बारा एमएमची प्लेट ग्राइंडरनं कापायला बसलं की चकत्यांवर चकत्या झिजतात आणि मनगट भरून येतं. प्लाझ्मा कटर चांगला, पण त्याला कॉम्प्रेसर हवा आणि भक्कम वीज हवी. शेतीची थ्री फेज आठ तास, कधी दिवसाची पाळी तर कधी रात्रीची. रात्री उघड्यावर काम करायचं म्हटलं की उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावात हे वाक्य गंमत म्हणून कुणी बोलत नाही. गॅस कटरला वायर लागत नाही. दोन सिलिंडर, दोन नळ्या आणि एक टॉर्च छोट्या टेम्पोत टाकले की बांधावरही काम होतं. शेतातल्या माणसाला हे हत्यार का भावलं, याचं उत्तर निम्मं महावितरणच्या वेळापत्रकात आहे.

तात्यांना सेट जोडता येत होता, हात मात्र बसलेला नव्हता. म्हणून शेजारच्या पोराला हाक मारली होती. त्यानं आयटीआयला वेल्डरचा कोर्स केलेला, चाकणला चार वर्षं काम केलेलं, आता घरची शेती बघतो. त्याला मी कापताना पहिल्यांदा नीट पाहिलं.

आधी त्यानं तारेच्या ब्रशनं प्लेटवरचा रंग आणि गंज खरवडला. खडूची रेघ ज्योतीखाली दिसेनाशी होते, म्हणून रेघेवर सेंटर पंचानं बोटाबोटाच्या अंतरावर ठिपके मारले. रेघेला समांतर एक अँगल ठेवला. टॉर्च अँगलला टेकवून चालवायचा, म्हणजे हात थरथरला तरी काप थरथरत नाही. डोळ्याला पाच नंबरची काच. तात्या जत्रेतला काळा गॉगल घालून पुढं सरसावले, तर त्यानं त्यांना मागं केलं: "तात्या, त्यो गॉगल लग्नात घाला." मग गॅसची कळ जराशी सोडली, चकमकीचा लायटर दाबला. पिवळी, काजळी सोडणारी ज्योत भप्पकन आली. ऑक्सिजन दिला तशी ती आखडली, निळी झाली आणि नोझलच्या तोंडाशी इवलाले टोकदार सुळके उभे राहिले. सुळक्यांची टोकं लोखंडापासून तीन-चार मिलिमीटरवर धरून तो प्लेटच्या कडेवर थांबला.

थांबला म्हणजे बराच थांबला. स्वयंपाकाचा गॅस ॲसिटिलीनपेक्षा सावकाश तापवतो. कड आधी निळसर झाली, मग काळपट लाल, मग पिकल्या संत्र्याच्या रंगाची. तेव्हा त्यानं अंगठ्यानं दांडी दाबली.

आवाज बदलला. इतका वेळ नुसती फुरफुर चालली होती. आता कोरं मांजरपाट फाडावं तसा आवाज येऊ लागला. प्लेटच्या खालून ठिणग्यांचा लोट सरळ जमिनीकडे सुटला, भुईनळा उलटा धरावा तसा. मिनिटाला साधारण फूट-दीड फूट अशा चालीनं तो सरकत होता आणि मागं दोनेक मिलिमीटरची फट उरत होती. घाई केली की ठिणग्या मागं ओढल्या जातात, प्लेट खालून सुटत नाही. रेंगाळलं की वरची कड वितळते आणि खाली काजळलेला मळ लोंबतो. चाल बरोबर असली की कापावर खालपर्यंत बारीक सरळ रेघा उमटतात, कंगवा फिरवल्यासारख्या. मिस्तरी माणसं काप पाहून हात कुणाचा ते सांगतात.

मी म्हणालो, "काय वितळवतोयस रे लोण्यासारखं!"

तो काच वर सारून म्हणाला, "काका, लोखंड वितळवायचं नसतं. पेटवायचं असतं."

हे मला खरंच माहीत नव्हतं. शाळेत विज्ञान शिकलो, पुढं पंचवीस वर्षं पत्रकारिता केली, तरी गॅस कटरची ज्योत लोखंड वितळवते असंच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ज्योतीचं काम काडेपेटीचं. साधं लोखंड वितळायला पंधराशे अंशांच्या वर जावं लागतं. पण साधारण नऊशे अंशांच्या आसपास तापलं आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की ते पेटतं, लाकडासारखंच. जळताना इतकी उष्णता सोडतं की पुढचं लोखंड आपोआप पेटायच्या बेताला येतं. जळून झालेलं ऑक्साइड पातळ असतं, ते झोत खाली उडवून देतो. दांडी दाबल्यावर सुटतो तो नुसता ऑक्सिजन. नोझलच्या मधल्या भोकातून येतो. खरा कापणारा तोच.

पटत नसेल तर दिवाळीची फुलबाजी आठवा. तिच्या ताऱ्या म्हणजे हवेत जळणारा लोखंडाचा कीस. हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के, तेवढ्यावर कीस जळतो. अख्खी प्लेट जळायला तो जवळजवळ निर्भेळ लागतो. साडेनव्याण्णव टक्क्यांवरून एक टक्का खाली आला तरी कापायची चाल पाव हिश्श्यानं मंदावते. आणि हीच प्रक्रिया वर्षानुवर्षं, ओलाव्याच्या संगतीनं, ज्योतीशिवाय चालली की तिला आपण गंज म्हणतो. ट्रॉलीचा हूक दहा पावसाळ्यांत सावकाश जळत होताच. पोरानं उरलेलं काम दोन मिनिटांत उरकलं.

यातूनच पुढचं कोडं सुटतं. तात्यांनी एकदा बिडाची जुनी पुली कापायचा हट्ट धरला होता. ती ठिकऱ्या उडून खडबडीत झाली, कापली काही गेली नाही. बीड पेटायच्या आधीच वितळतं. घरात ज्याला आपण स्टील म्हणतो त्या स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडची चिवट साय धरते आणि ऑक्सिजनला आत जाऊ देत नाही. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका: धातू साडेसहाशेच्या पुढं वितळतो आणि त्याचं ऑक्साइड दोन हजारांच्या पुढं. म्हणजे गॅस कटरपुढं मान टाकणारा धातू मुख्यतः आपलं साधं, गंजणारं पोलादच. जो गंजतो तो कापला जातो, असं ठोकताळ्यानं म्हणायला हरकत नाही.

ही विद्या तशी तरुण आहे. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते हे फ्रान्सच्या ल शातलिए यांनी १८९५ मध्ये दाखवलं आणि १९०३ मध्ये फूशे आणि पिकार यांनी हातात धरायचा टॉर्च बनवला. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत पोचला तो कार्बाइडच्या टाकीतून. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी सोडायचं आणि सुटलेला गॅस नळीनं घ्यायचा. त्या दुकानांवरून जाताना लसणासारखा उग्र वास यायचा, तो जुन्या माणसांना अजून आठवतो. आता ॲसिटिलीन मरून रंगाच्या सिलिंडरात मिळतं, आत सच्छिद्र भरणीत मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं. म्हणून तो सिलिंडर आडवा टाकून वापरत नाहीत. पण ते महाग पडतं. एलपीजी स्वस्त, आणि ओट्याखाली हाताशी असतो. सगळी गडबड तिथून सुरू होते.

याच हत्याराचं सर्वांत मोठं काम मराठी माणसानं पाहिलं ते मुंबईला, दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या आवारात. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ ला सेवेतून निवृत्त झाली, बरीच वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी २०१४ च्या नोव्हेंबरात ती दारूखान्यात तोडायला घेतली गेली. तोडली गेली ती हातातल्या गॅस कटरनं, माणसांनी, पत्रा पत्रा करून. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात उभी असलेली ती नौका, आणि तिच्या अंगावर हा एवढासा निळा सुळका. तिचं काही पोलाद आकुर्डीच्या बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये त्यातून 'व्ही' मोटरसायकल काढली. त्यातली एखादी अवसरीच्या घाटातून नक्की गेली असणार, मागं दुधाचे कॅन अडकवून.

ऑक्सिजनची खरी किंमत मात्र सगळ्या फॅब्रिकेशनवाल्यांना कळली २०२१ च्या एप्रिलात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारनं २२ एप्रिलपासून, नऊ उद्योग वगळता, कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला. महाराष्ट्रात तो त्याआधीच दवाखान्यांकडे वळवायला सुरुवात झाली होती. आदल्याच दिवशी, २१ तारखेला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले होते. आमच्याच महामार्गाच्या त्या टोकाला. कापणारा आणि जगवणारा ऑक्सिजन एकच. दोन्ही हवा थंड करून, द्रव करून, वेगळा काढलेला. फरक सिलिंडरच्या स्वच्छतेत, तपासणीत, कागदपत्रांत. शेजारचा पोरगा तेव्हा चाकणला होता. त्यानं सांगितलं ते असं: "आमच्या शेडातल्या सगळ्या टाक्या एका दिवसात गेल्या. पंधरा दिवस आमी नुसते झाडू मारत व्हतो. पन कुनी कुरकुरलं नाय. ज्याच्या त्याच्या घरी कुनीतरी व्हतंच."

एका मोठ्या टाकीत सात घनमीटर ऑक्सिजन असतो, दीडशे किलोच्या दाबानं कोंबलेला. टाकी रिकामीच साठेक किलो भरते. ती पडून तिचं तोंड मोडलं तर पुढं ती टाकी राहत नाही, तोफेचा गोळा होते. म्हणून ती साखळीनं बांधायची. हे सगळे सांगतात. ज्याची भीती वाटायला हवी ती गोष्ट वेगळी: तेल. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब भेटला की ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतो. आणि शेतकऱ्याचा स्वभाव असा की कुठलीही कळ घट्ट फिरली की बोट ग्रीसच्या डबीकडे जातं. ट्रॅक्टरवर हा सद्गुण आहे. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हवर आत्महत्या. तसंच कपड्यांवरची धूळ ऑक्सिजनच्या झोतानं झटकणं. कापडात ऑक्सिजन मुरतो, आणि मग विडीची ठिणगीही पुरते.

आमच्या भागात आणखी एक प्रकार आहे, विहिरीतलं काम. एलपीजी हवेपेक्षा जड. नळीला बारीक चीर असेल तर तो वर उडून जात नाही, तळाला साठतो. विहिरीत उतरून मोटारीचा सांगाडा या गॅसवर कापणं म्हणजे पेटत्या काडीसह गॅसच्या हौदात उतरणं. डिझेलचं किंवा ऑइलचं जुनं पिंप कापायचा मोहही तसाच. भरलेल्यापेक्षा रिकामं पिंप जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. जीआय पाइप कापताना निघणारा पांढरा धूर जस्ताचा. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. त्यावर गूळ किंवा दूध असा उपाय सांगतात. त्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की ताप येत नाही.

आता त्या दुपारकडे येतो. प्लेट कापून झाली. सिलिंडर ओट्याखाली परत गेला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आम्ही पडवीतच पंगत मांडून जेवलो. पोरगा जेवून घरी गेला. तात्या आडवे झाले. मी पेपर वाचत पडलो होतो. सवा-दीड तासानं म्हैस उगाच ओरडायला लागली. काकू म्हणाली, हिला काय झालं. बाहेर आलो तर गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीतून धुराची एक सरळ, पातळ, निवांत रेघ वर चालली होती. कापायची जागा आणि गंजी यांत पंचवीस फुटांचं अंतर होतं, मध्ये पत्र्याची भिंत होती. पत्र्याच्या खाली चार बोटांची फट. त्या फटीतून एक ठिणगी घरंगळत गेली आणि दीड तास कडब्यात धुमसत बसली.

दावी कापून म्हशी सोडल्या. विहिरीवरची मोटार चालू करायला धावलो तर वीज रात्रपाळीची. हंडे, बादल्या, फवारणीचा पंप, जे हाताला लागेल ते. वस्तीवरची माणसं धावून आली. निम्मी गंजी गेली, गोठा वाचला. कुणी काही बोललं नाही. काळ्या पाण्यानं भिजलेल्या कडब्यापुढं तात्या उकिडवे बसले होते आणि काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

पुढं मी माहिती काढली. गॅसनं कापायचं तर भोवती पस्तीस फूट, म्हणजे अकरा मीटर, पेट घेणारं काही नसावं, असा प्रचलित दंडक. काम संपल्यावर पूर्वी अर्धा तास, आता तासभर कुणीतरी तिथं बसून पहारा करायचा. आम्हाला दोन्ही मोडायला एक दुपार पुरली. घरगुती सिलिंडर घराबाहेरच्या कामाला वापरणं तर २००० सालच्या एलपीजी आदेशानुसार गुन्हाच आहे, हे तात्यांना ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नाही? सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या केंद्राच्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण कायद्याला गोठ्याची पडवी दिसत नाही, आणि उभ्या उसाला कायदा दिसत नाही.

घरी कापूच नका, असं मी म्हणणार नाही. तोडणी ठरलीय, ट्रॉली मोडून पडलीय, अशा माणसाला तो सल्ला फक्त शहरातून देता येतो. स्वयंपाकघरातला सिलिंडर मात्र हलवू नये, यावर मी ठाम आहे. त्यानं पैसे वाचतात हे खरं. पण तो सिलिंडर, त्याची नळी, त्याचा रेग्युलेटर चुलीसाठी बनलेले आहेत. ज्योत उलटी नळीत शिरली तर तिला अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर तात्यांच्या सेटला नव्हता. पोरानं त्या दिवशी ते पाहिलं होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला कसं बोलायचं म्हणून तो गप्प राहिला, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथं यंत्र अभियांत्रिकी शिकवतात. वर्षातून एक दिवस, गळीत हंगामाच्या तोंडावर, तिथल्या कार्यशाळेनं गावातले टॉर्च, नळ्या आणि रेग्युलेटर तपासून द्यावेत. विद्यार्थ्यांचा हात चालेल आणि चारचौघांत शेजारचा पोरगाही मोकळेपणानं बोलेल. हा लेख तिथल्या कुणाच्या हाती पडला तर एवढी विनंती पोचावी.

तात्यांनी पुढच्या हंगामाआधी एकोणीस किलोची व्यावसायिक टाकी घेतली. दोन्ही नळ्यांना अरेस्टर लावले. गंजी आता बांधापलीकडं रचतात. कापून झालं की जागेवर पाणी मारतात, बादली शेजारी ठेवून प्लॅस्टिकची खुर्ची टाकतात आणि घड्याळ लावून तासभर बसतात. जेवणाचं ताट काकू तिथंच नेऊन देते.

यंदा खंडेनवमीला मी गावी होतो. नांगर, कोयते, ट्रॅक्टर, ग्राइंडर, सगळं धुऊन-पुसून अंगणात मांडलं होतं. काकू दरसाल हत्यारांवर तेलाचं बोट फिरवते, मग हळद-कुंकू. काळ्या टाकीशी आली तेव्हा ती थांबली, तेलाचं बोट पदराला पुसलं, विहिरीवर जाऊन साबणानं हात धुऊन आली आणि टाकीच्या पोटावर, व्हॉल्व्हपासून चांगलं हातभर खाली, कोरडंच कुंकू लावलं.

"हिला त्याल चालत न्हाई," ती म्हणाली.

झेंडूचा हारही तिनं टाकीच्या पायाशीच ठेवला.